डॅन्यूबच्या क्रूझची वाट पाहताना फोटो ओळखण्याचा खेळ: फोटो कसे निवडावेत?

प्रश्न: दांडियाबाजारकर, बडोदे

आमच्या ओळखीतल्या काही बडोदेकर मराठी कुटुंबांनी मिळून येत्या मोसमात डॅन्यूब नदीवरची, जर्मनीतल्या पासाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंतची क्रूझ ठरवली आहे. आरक्षण झाले आहे, व्हिसाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव चालू आहे, पण निघायला अजून बराच अवकाश आहे. हा मधला काळ नुसता जाऊ नये म्हणून आमच्या व्हॉट्सॲप गटावर रात्रीची जेवणे आटोपली की कोणीतरी जगातल्या एखाद्या प्रसिद्ध वास्तूचा फोटो टाकतो आणि बाकीच्यांनी ती ओळखायची, असा खेळ आम्ही सुरू केला आहे. गटात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षिका आहेत, परदेशातल्या मुलांकडे वरचेवर जाणारी मंडळी आहेत, आणि सारे आयुष्य बडोद्यात काढलेल्या, पहिल्यांदाच विमानात बसणार असलेल्या आजीही आहेत.

आयफेल टॉवर, ताजमहाल, पिसाचा मनोरा यांचे फोटो लवकरच संपले. मग अवघड फोटो टाकायला सुरुवात झाली, आणि तिथे खेळाची रया गेली. कोणीतरी फोटो गूगल लेन्समध्ये टाकतो, क्षणात नाव हाती येते, आणि जे खरोखर विचार करत बसलेले असतात ते मुकाट्याने फोन बाजूला ठेवतात. परवा बुडापेस्टच्या संसदभवनाचा फोटो पाहून आमच्या एका मावशींनी लिहिले, "ही लंडनची पार्लमेंट." उत्तर चुकले एवढेच त्यांना कळवले गेले. त्यांना तसे का वाटले, हे कोणीही विचारले नाही. मला मात्र ते उत्तर टाकाऊ वाटले नाही, कारण दोन्ही इमारती नदीकाठीच आहेत आणि दोन्हींवर टोकदार कमानी व सुळक्यांची रांग आहे.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते. फोटो कसे निवडावेत, आणि प्रश्न कसा घालावा, म्हणजे फोनमधल्या यंत्राला ते एका क्षणात फोडता येणार नाही, नवख्या माणसालाही त्यात भाग घेता येईल, आणि आम्ही जहाजाच्या डेकवर उभे राहू तेव्हा समोरचे दृश्य आम्हाला खरोखर वाचता येईल? आजवरचे बहुतेक फोटो पिक्चर पोस्टकार्डासारखे आहेत. ते ओळखून नाव पाठ होते, पण नजर तयार होते असे मला वाटत नाही.

उत्तर १: विश्वामित्रीकाठ, बडोदे

आपला प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. वास्तूचे नाव विचारणे सोडून द्यावे. नाव हवे तर फोटोखाली आधीच लिहून टाकावे, आणि प्रश्न असा घालावा: हा फोटो काढणारा माणूस कोठे उभा होता, त्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, आणि वेळ दिवसाची कोणती होती? हे सांगायला नकाशा उघडावा लागतो, नदी कोणीकडे वाहते ते पाहावे लागते, सावल्या तपासाव्या लागतात. लेन्स नाव देईल, पण एवढा विचार माणसालाच करावा लागेल.

तुमच्या मावशींचेच उदाहरण घेऊ, कारण ही जोडी विलक्षण बोधक आहे. लंडनचे संसदभवन थेम्सच्या डाव्या तीरावर आहे आणि बुडापेस्टचेही डॅन्यूबच्या डाव्याच तीरावर आहे. (नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभे राहिले की डावा हात येतो तो डावा तीर.) पण वेस्टमिन्स्टरपाशी थेम्स उत्तरेकडे वाहते, आणि बुडापेस्टमधून डॅन्यूब दक्षिणेकडे वाहते. त्यामुळे तीर एकच असूनही लंडनच्या इमारतीचे नदीकडचे तोंड पूर्वेला येते आणि बुडापेस्टच्या इमारतीचे पश्चिमेला. नदीवरून पाहिलेल्या लंडनच्या संसदेवर सकाळचे ऊन पडते. बुडापेस्टची संसद सकाळी पाण्यावरून पाहिली तर सूर्य तिच्या मागे असतो आणि ती काळसर दिसते. तिचा पांढुरका दगड आणि तांबूस घुमट उजळतात ते दुपार कलल्यावर. आपल्या जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत बुडापेस्टला पोहोचण्याची वेळ कोणती दिली आहे ते आत्ताच पाहून ठेवा. त्या वेळी कॅमेरा काढून कोणत्या बाजूला उभे राहायचे हे तुम्हाला घरबसल्या कळेल.

दुसरी खूण पाण्याची. थेम्सला लंडनमध्ये समुद्राची भरती-ओहोटी लागते, म्हणून ओहोटीच्या वेळी काढलेल्या फोटोत काठाच्या भिंतीचा खालचा पट्टा ओला, शेवाळलेला आणि गडद दिसतो, काही ठिकाणी चिखलही उघडा पडतो. बुडापेस्ट समुद्रापासून दीड हजार किलोमीटरहून अधिक आत आहे, तेव्हा तिथे असा रोजचा ओला पट्टा उमटण्याचे कारण नाही. फोटोत वरचे सुळके झाकून फक्त खालची भिंत आणि पाणी दाखवले, तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि तो सोडवायला युरोप पाहिलेला असावा लागत नाही. भरूचला नर्मदेचे पाणी चढता-उतरताना पाहिलेल्या कोणालाही तो सुटेल.

तिसरी गोष्ट व्हिएन्नाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हिएन्ना म्हटले की आपण संत स्टीफनच्या कॅथेड्रलचा फोटो टाकतो. पण ते शहराच्या आत आहे, नदीच्या मुख्य प्रवाहावर नाही. बरीचशी क्रूझ जहाजे लागतात ती राइश्सब्रुके या पुलाजवळच्या धक्क्यावर, आणि तिथून समोर दिसते ते मेक्सिकोप्लात्झवरचे असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च. लाल छपरांचे, जाड मनोऱ्यांचे हे चर्च १८९८ ते १९१० या काळात बांधले गेले. ज्यांनी नुसती पोस्टकार्डे पाहिली आहेत ते धक्क्यावर उतरताच याच चर्चला कॅथेड्रल समजण्याची शक्यता आहे. म्हणून माझा आग्रह असा की आपल्या मार्गावरचे फोटो शक्यतो पाण्यावरून किंवा धक्क्यावरून काढलेलेच निवडावेत.

संत स्टीफनच्या नावाचा आणखी एक गोंधळ आत्ताच मिटवून टाका. आपल्या मार्गावर या नावाची तीन मोठी देवालये आहेत. पासाऊ आणि व्हिएन्नाची कॅथेड्रल पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या नावाची आहेत, तर बुडापेस्टची बॅसिलिका हंगेरीचा राजा स्टीफन याच्या नावाची आहे. ती बॅसिलिका आणि तिथले संसदभवन या दोन्ही इमारतींची उंची ९६ मीटर आहे, कारण मॅग्यार लोक, म्हणजे हंगेरियनांचे पूर्वज, त्या भूमीत आले ते इ.स. ८९६ हे वर्ष हंगेरियन लोक फार मानतात.

एक तांत्रिक सूचना. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंद गळून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते आणि उत्तर फुकट मिळते.

उत्तर २: निवृत्त वास्तुकला अध्यापिका, बडोदे

वरील उत्तर मला फार आवडले, पण त्यात इमारतीच बाजूला पडल्या आहेत, म्हणून थोडी भर घालते. मावशींचे उत्तर चुकीचे असले तरी त्यामागचे निरीक्षण अगदी योग्य होते, आणि गटावर ते तसे सांगितले गेले पाहिजे. लंडनचे संसदभवन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि सुळक्यांच्या धाटणीत पुन्हा उभे राहिले आणि पुढे इतर देशांनाही संसद अशीच दिसावी असे वाटू लागले. इम्रे स्टाइंडल याने आराखडा केलेल्या बुडापेस्टच्या संसदेचे काम १८८५ मध्ये सुरू झाले आणि १९०४ मध्ये पुरे झाले. त्यात गॉथिक सुळके आहेत, पण मध्यभागी मोठा घुमटही आहे, आणि हा घुमटच तिची ओळख आहे. लंडनला असा मधला घुमट नाही. तिथे दोन टोकांना दोन वेगळे चौकोनी मनोरे आहेत, त्यांपैकी एकावर घड्याळ आहे. मावशींना पुढच्या वेळी एवढेच विचारा: मधोमध काय आहे, आणि टोकांना काय आहे?

आता हे डोळे तयार कोठे करायचे? माझे ठाम मत आहे की बडोद्यासारखी शाळा दुसरी नाही. बुडापेस्टमध्ये संसदेचे काम चालू होते त्याच काळात आपल्याकडे लक्ष्मीविलास पॅलेस बांधला जात होता. मेजर चार्ल्स मँट याने तो आरंभला आणि त्याच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम याने १८९० मध्ये तो पूर्णत्वास नेला. एकाच दर्शनी भागावर राजस्थानी छत्र्या, इस्लामी घुमट आणि युरोपीय मनोरा एकमेकांशेजारी उभे आहेत. चिझमनेच बडोदा कॉलेजची इमारत केली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे, आणि आज तिथे आपल्या विद्यापीठाची कला शाखा भरते. सूरसागरजवळच्या जुन्या न्यायमंदिराची धाटणी बायझंटाइन, म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्यातली, आहे. एका रविवारी सकाळी सगळ्या गटाने या तीन इमारतींपुढे उभे राहून एवढेच करावे: कमान टोकदार आहे की गोल, घुमट सरळ भिंतीवर बसला आहे की मध्ये उंच गोल पट्टा आहे, आणि दगडाचा रंग खाली-वर बदलतो का, हे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत सांगावे. परिभाषेची गरज नाही. पासाऊ ते बुडापेस्ट या मार्गावर जे जे दिसणार आहे त्याची निम्मी तयारी इथेच होईल.

मग जोड्या घ्या. दिसायला जवळची आणि पाहायला वेगळी अशी जोडी एका फोटोपेक्षा कितीतरी अधिक शिकवते. रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूबच्या काठी वालहाला नावाचे स्मारक आहे. लेओ फॉन क्लेन्झे याने केलेले हे काम १८४२ मध्ये पुरे झाले, आणि ते हुबेहूब अथेन्सच्या पार्थेनॉनसारखे आहे. पार्थेनॉनचे छत १६८७ च्या स्फोटात उडाले, वालहालाचे शाबूत आहे. पार्थेनॉनभोवती उघडा खडक आहे, वालहालामागे गर्द झाडी आहे आणि पुढे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचे प्रचंड टप्पे आहेत. तुमचा प्रवास पासाऊपासून, म्हणजे त्याच्या बराच खालून सुरू होतो, त्यामुळे ते तुम्हाला दिसणार नाही, तरी जोडी म्हणून ती घ्याच.

बुडापेस्टचा १८४९ चा साखळीपूल विल्यम टियर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे झाला, आणि त्याच अभियंत्याचा १८३२ चा एक लहान पूल इंग्लंडमध्ये थेम्सवर मार्लो या गावी आजही आहे. दोन फोटो शेजारी ठेवले की थोरल्या-धाकट्या भावंडांची तोंडवळ्यावरून ओळख पटावी तसे होते. फरक सिंहांचा आहे: बुडापेस्टला पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी सिंह बसलेले आहेत.

आणि छपरे! व्हिएन्नाच्या कॅथेड्रलचे छप्पर रंगीत कौलांच्या नागमोडी पट्ट्यांचे आहे आणि त्यावर दोन डोक्यांचा गरुड काढलेला आहे, तर बुडा टेकडीवरच्या मॅथायस चर्चवरही रंगीत कौले आहेत, पण ते चर्च उंच टेकडीच्या कडेला, नदीवरून दिसेल असे आहे. कौलांचा फक्त एक तुकडा कापून टाका आणि गटाला बराच वेळ द्या.

उत्तर ३: इंदूरकर

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी मला एक काळजी नोंदवावीशी वाटते. गटातल्या ज्या आजी पहिल्यांदा परदेशी जात आहेत, त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून गॉथिक आणि बायझंटाइन ठेवले तर त्या वाचतील, कौतुक करतील आणि उत्तर मात्र देणार नाहीत. खेळाची सुरुवात आपल्या नद्यांपासून करावी, कारण त्या बाबतीत आजींना आपल्या सर्वांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आमच्याकडून एक जोडी सुचवतो: महेश्वरचे घाट आणि काशीचे घाट. दोन्हीकडे अहिल्याबाई होळकरांचे काम आहे, दोन्हीकडे पायऱ्या, बुरूज, देवळांची शिखरे आणि नावा आहेत, आणि घाईत पाहिलेल्या फोटोत दोन्ही सारखेच वाटतात. पण काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. महेश्वरला नर्मदा पश्चिमेकडे वाहते आणि घाट उत्तर तीरावर, दक्षिणाभिमुख आहेत. काशीच्या घाटावर सकाळचे ऊन समोरून येते आणि दुपारनंतर पायऱ्यांवर मागच्या इमारतींची सावली उतरू लागते. महेश्वरला हिवाळ्यात दिवसभर ऊन असते. घाटावर स्नान करून सूर्याला अर्घ्य दिलेल्या बाईला ही दिशा फोटोत शोधावी लागत नाही. हेच सूत्र पुढे बुडापेस्टच्या संसदेला लावायचे आहे, हे आजींना मागाहून सांगितले तरी चालेल.

शिवाय काशीला शिंदे घाटाजवळ पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ आहे. पिसाच्या मनोऱ्याचा फोटो टाकून झाला आहे म्हणता, तर त्याच्या शेजारी हे ठेवा.

गुणांबद्दल माझे मत असे की गुण ठेवूच नयेत. ज्याचे कारण सर्वांत पटण्याजोगे असेल त्याने दुसऱ्या दिवशीचा फोटो निवडावा.

दांडियाबाजारकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गुण बंद केले आहेत आणि काल या पद्धतीचा पहिला फोटो टाकला. वर उत्तर देणाऱ्यांना त्याचे काय झाले ते कळावे म्हणून लिहितो.

फोटो पासाऊचा होता, वरच्या किल्ल्यावरून काढलेला. शहराचे नाव खाली लिहूनच दिले होते आणि प्रश्न एवढाच होता: या फोटोत विशेष काय दिसते? मुलांकडे जाऊन आलेल्या मंडळींनी कॅथेड्रलचे हिरवट घुमट, लाल छपरे असे लिहिले. आजींनी नातवाकडून लिहवून घेतले की पाण्याचे रंग वेगवेगळे आहेत, म्हणजे हा संगम आहे, आणि चांदोदला ओरसंगचे पाणी नर्मदेला मिळते तिथेही काही अंतर दोन पाणी वेगळी दिसतात. पुढे त्यांनी हेही सांगितले की एवढा सगळा संगम एका नजरेत यायचा तर फोटो उंचावरूनच काढलेला असणार. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. तिथे डॅन्यूबला इन आणि इल्झ अशा दोन नद्या मिळतात. आल्प्समधून आलेल्या इनचे पाणी फिकट हिरवट-करडे, इल्झचे दलदलीच्या प्रदेशातून येत असल्याने काळपट, आणि डॅन्यूबचे या दोहोंहून निराळे. त्यावरून बँकेतल्या एका काकांनी विचारले की या तिघींत मोठी कोणती, आणि शोधल्यावर कळले की सरासरीने इनच डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते. मग पुढे नाव डॅन्यूबचेच का चालते, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. आजचा फोटो आजींनी निवडायचा आहे आणि त्यांनी महेश्वर मागितले आहे.

एक शंका राहिली. नदीला पाणी कमी किंवा जास्त झाले तर जहाज थांबते असे ऐकले आहे. तसे झाले तर पाण्यावरून पाहण्याची ही सगळी तयारी वाया जाईल का?

उत्तर ४: विश्वामित्रीकाठ, बडोदे

जहाज थांबू शकते, हे खरे आहे. पाणी फार उतरले तर तळ लागण्याची भीती असते आणि फार चढले तर पुलाखालून जाता येत नाही. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत ऱ्हाइनवर पाणी उतरल्यामुळे वाहतूक अडली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात पूर आल्यावर डॅन्यूबवरची क्रूझ जहाजे व्हिएन्नाला अडकून पडली होती. अशा वेळी कंपन्या सहसा प्रवाशांना बसने पुढच्या गावी नेतात किंवा पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर चढवतात. आपल्या आरक्षणाच्या अटींत याविषयी काय लिहिले आहे ते आत्ताच वाचून घ्यावे.

तयारी वाया जाणार नाही, फक्त बसमधून कोणती गोष्ट कोणत्या बाजूला येईल ते वेगळे मांडून ठेवावे लागेल. वाटेतल्या ऑस्ट्रियातल्या दोन गावांपैकी मेल्कचा पिवळा मठ उजव्या तीरावर आहे आणि डुर्नस्टाइनचा निळा मनोरा डाव्या तीरावर. जहाज दोहोंच्या मधून जाते, बस मात्र एकाच काठाने जाईल, तेव्हा नकाशावर दोन्ही रस्त्यांना वेगळ्या रंगाच्या रेघा मारा. आणि पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीचा फोटो गटावर अवश्य टाका. तिथे जुन्या पुरांच्या खुणा वर्षांसह कोरल्या आहेत. २०१३ ची खूण १५०१ च्या खुणेच्या खालोखाल आहे. वर्षे झाकून फक्त रेघा दाखवा आणि विचारा, यातली सर्वांत वरची रेघ अलीकडची असेल की जुनी.